पाण्याच्या वाटेनं शहर

माझं माहेर पैठण गेटाच्या आतलं आणि सासर पैठण गेटाच्या बाहेरचं. बाहेरचं म्हणजे चांगलं पंधरा-सोळा किलोमीटर बाहेरचं, चितेगाव. रस्ता मात्र तोच. लग्न ठरलं तेव्हा दादा म्हणाले होते, "दारातून निघालीस की सरळ जायचं, कुठं वळायचंच नाही." दादा म्हणजे माझे वडील. जुन्या शहरात त्यांचं नळफिटिंगचं काम. त्यांनी मला आहेरात भांडीकुंडी दिलीच, पण एक वस्तू मी मागून घेतली. ती अजून आमच्या खिडकीत आहे. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई पहिल्यांदा बघून म्हणाल्या होत्या, "बया, हे फुटकं खापर कशाला आणलंस माहेराहून?"

खापरच आहे ते. भाजलेल्या मातीच्या नळाचा तुकडा. एक तोंड रुंद, दुसरं निमुळतं, म्हणजे एकाचं तोंड दुसऱ्याच्या पोटात बसावं. बाहेरून चुन्याचा जाड थर चिकटलेला, खरवडला तरी निघत नाही. आतून हात फिरवला की खडबडीत लागतं, कारण पाण्यातल्या क्षारांचं पांढरं पापुद्र्यांसारखं पुट चढलंय. असं पुट एका वर्षात चढत नाही. दादा नळ टाकायला खोदत होते आणि लोखंडी पाइपाच्या जागी ही नळी निघाली. जुन्या शहरात कुदळ मारली की असं काही ना काही लागायचंच.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे गेल्या दिवाळीत आलेले पाहुणे. भाचा स्पेनमध्ये ग्रॅनडाला शिकायला आहे. तो सुट्टीला आला आणि बरोबर तिथले दोघं, नवरा-बायको, घेऊन आला. आधी फोनवर म्हणाला, "आत्या, यांना शहर तूच दाखव. तुला सगळं माहीत आहे." त्या दोघांनी येण्याआधी 'पाहण्यासारखी दहा ठिकाणं' अशी यादी काढून ठेवली होती. पहिल्या नंबरावर मकबरा. यादी बघितली आणि मी म्हटलं, मकबरा दाखवीन, पण चौथा-पाचवा. शहर ज्या क्रमानं उभं राहिलं त्या क्रमानं बघायचं असेल तर पाण्याच्या मागं जावं लागेल.

सकाळी सातला निघालो. चितेगावहून निघालं की उजवी-डावीकडं आता शेडच शेड. मी लग्न होऊन आले तेव्हा ज्वारी आणि कापूस होता. गेवराई तांडा, कांचनवाडी, नक्षत्रवाडी, मग स्टेशन. पैठण गेटापाशी गाडी थांबवली, पण आत नाही शिरले. नुसतं म्हटलं, "हे माझं दार. संध्याकाळी इथूनच बाहेर पडायचं." मग वळसा घालून गाडी थेट शहराच्या उत्तरेला, हर्सूल-जटवाड्याच्या डोंगरांकडं काढायला लावली. भाचा कुरकुरला. तिकडं काय आहे बघण्यासारखं? तिकडं एका वस्तीच्या कडेला एक चौकोनी दगडी मनोरा आहे, वर शेंदूर-बिंदूर काही नाही, शेजारी कुणीतरी दुचाकी लावलेली. ते दोघं भोवती फिरले. कुणी त्याला जुनी समाधी समजावं तसाच तो दिसतो.

आता गोष्ट सांगते. 1610 मध्ये मलिक अंबरनं इथं खडकी वसवली. हा माणूस जन्मानं हबशी, इथिओपियाचा. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, बगदादच्या बाजारातून हात बदलत दख्खनला पोचला आणि पुढं अहमदनगरच्या निजामशाहीचा सर्वेसर्वा झाला. मोगलांना त्यानं वीस-पंचवीस वर्षं दख्खनमध्ये सुखानं बसू दिलं नाही. राजधानीला जागा त्यानं चांगली हेरली, डोंगरांच्या कुशीत, पण खाम नदी म्हणजे पावसाळ्यापुरती. एवढ्या वस्तीला, फौजेला, जनावरांना पाणी आणायचं कुठून? त्यानं उत्तरेच्या डोंगरांच्या पायथ्याशी जमिनीखाली मुरलेलं पाणी गाठलं आणि जमिनीखालूनच गावात आणलं. साल 1617-18 च्या आसपासचं. नहर-ए-अंबरी.

यात पंप नाही, मोट नाही, रहाट नाही. नुसता उतार. डोंगर उंच, गाव खाली. दगडी बांधकामाची भुयारं, पुढं खापरी नळ, आणि ठरावीक अंतरावर असे मनोरे. पाण्यात अडकलेली हवा त्यातून निघून जाते, आत उतरून गाळ काढता येतो, आणि दाब जिथं वाढतो तिथं तो मोडतो. अशी एकशेचाळीस तरी तोंडं या एका नहरीला होती म्हणतात. दादा हे मला शिकवायचे ते अंगणात. बागेची रबरी नळी घ्यायचे, तिचा मधला भाग खाली लोंबू द्यायचा, एका टोकाला मला उभं करायचे, दुसरं टोक स्वतः धरायचे. "ओत." मी तांब्यानं ओतायची. पाणी खाली जायचं आणि दादांच्या हातातल्या टोकातून वर यायचं. दादांनी टोक माझ्या तांब्यापेक्षा वर नेलं की थांबायचं, खाली आणलं की भळाभळा. "पाण्याला स्वतःची पातळी ठाऊक असते. तेवढी अंबरला कळली," एवढंच म्हणायचे. मी त्या दिवशी नळी बरोबर नेलीच होती. रस्त्याच्या कडेला बिसलरीच्या बाटलीनं प्रयोग करून दाखवला. दोघं लेकरांसारखी हसली.

आणि मग तिनं, त्या बाईनं, जे सांगितलं ते मला अगदीच अनपेक्षित. ग्रॅनडाला अलहंब्राचा राजवाडा टेकडीवर आहे. तेराव्या शतकात तिथल्या सुलतानानं दारो नदीचं पाणी वरच्या अंगाला काही किलोमीटरांवर अडवलं आणि डोंगराच्या कडेकडेनं पाटानं राजवाड्यात आणलं. तेही उतारानंच. अलहंब्राची ती कारंजी, ते हौद, ज्यांच्या फोटोंसाठी जग तिकडं लोटतं, ती सगळी त्या एका पाटावर जगली. त्या पाटाला ते लोक 'असेकिया' म्हणतात. शब्द अरबीच, पाणी पाजणारा पाट. भाच्यानं मोबाइलवर शोधून सांगितलं की मूळ धातू तोच, ज्यावरून 'साकी' आला. गझलेत प्याला भरणारा साकी आणि ग्रॅनडाचा पाट सख्खे भाऊ निघाले. 'नहर' अरबी, आपला 'हौद' सुद्धा अरबी 'हौज'. जमिनीखालून पाणी आणायची मूळ विद्या इराणची. अरबांच्या हातून ती पश्चिमेला स्पेनपर्यंत गेली, आणि इकडं पूर्वेला दख्खनमध्ये आली. माद्रिदसुद्धा मुसलमानी अमलात वसलं आणि शतकानुशतकं अशाच भूमिगत पाटांवर जगलं, असं त्यानं सांगितलं. मला एकदम वाटलं, पाहुणे परक्या गावात आलेच नाहीत.

तिथून दिल्ली दरवाजा. इतर दरवाज्यांत हा थोराड. अंबर 1626 मध्ये गेला, खुलताबादला त्याची कबर आहे. त्याचा मुलगा फत्तेखान यानं खडकीचं फतेहनगर केलं. मग शहाजहाननं धाडलेला सुभेदार औरंगजेब आला आणि 1653 मध्ये नाव पडलं औरंगाबाद. तटबंदी मात्र नंतरची, 1682 ची. औरंगजेब बादशहा होऊन सगळी फौज घेऊन दख्खनमध्ये उतरला तेव्हा मराठ्यांच्या स्वाऱ्यांचा धसका म्हणून ही भिंत उठली. तेव्हा रायगडावर छत्रपती संभाजी महाराज होते. आज शहर त्यांच्या नावानं ओळखलं जातं, 2023 पासून सरकारी कागदावरही. ज्यांच्यामुळं भिंत बांधावी लागली त्यांचं नाव टिकलं आणि भिंत आता तुकड्या-तुकड्यानंच उरली आहे.

दरवाजे किती, हा वाद आमच्या गल्लीत चहाच्या कपापेक्षा जास्त वेळ चालायचा. तोंडी हिशेब बावन्नचा. बावन्न दरवाजे, बावन्न पुरे. खरं तर मोठे चार, दिल्ली, जालना, पैठण आणि मकई. बाकी धाकटे, आणि आतल्या वाड्या-हवेल्यांचेही दरवाजे धरून लोकांनी बेरीज वाढवली. पुऱ्यांचं मात्र बघण्यासारखं आहे. अंबरच्या काळचे मालपुरा, खेलपुरा, परसपुरा, विठापुरा हे मालोजी, खेळोजी, परसोजी, विठोजी या मराठे सरदारांच्या नावांवरून आले असं गॅझेटिअर सांगतं. मोगलांच्या काळातला जयसिंगपुरा मिर्झाराजे जयसिंगांचा, कर्णपुरा बिकानेरच्या कर्णसिंहाचा, पदमपुरा त्याच्या मुलाचा. कर्णपुऱ्याच्या देवीची नवरात्रातली जत्रा मी एकदाही चुकवली नाही, पण राजस्थानातला राजा इथं गाव करून राहिला हे तिथल्या पाळण्यावर बसताना कुणी सांगितलं नव्हतं.

मकबऱ्याचं थोडक्यात सांगते, कारण त्याचं सगळेच सांगतात. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू 1657 मध्ये गेली. तिची ही कबर. बांधली मुलगा आझमशहानं, असं गाइड सांगतात. आझम जन्मला 1653 मध्ये. 1660-61 ला काम संपलं असं धरलं तर बांधणारा सात-आठ वर्षांचा. तेव्हा बापाच्या परवानगीवाचून आणि बापाच्या पैशावाचून हे झालं नाही, एवढं कुणालाही कळावं. खर्च 6,68,203 रुपये 7 आणे लिहिलेला आहे. त्या सात आण्यांचं मला भारी कौतुक आहे. संगमरवर खाली कमरेएवढा आणि वर घुमटाला, मधल्या भिंतींना नुसता घोटीव गिलावा. म्हणून लोक 'गरिबांचा ताज' म्हणतात. मला ते नाव आवडत नाही. त्या गिलाव्यावर सकाळचं ऊन पडलेलं बघा आणि मग बोला. मुख्य दरवाज्यावर करणाऱ्यांची नावं कोरली आहेत, अताउल्ला आणि हंसपतराय. अताउल्ला म्हणजे ताजमहालाच्या उस्ताद अहमद लाहोरींचा मुलगा. घराण्यातलंच काम. पाहुण्यांनी फोटो काढले, तासभर बसले, मला चहाची तल्लफ आली.

खरा मुक्काम पाणचक्कीला. तिथं मी दोन तास घालवले आणि भाच्याच्या घड्याळाकडं बघितलं नाही. बुखाऱ्याजवळच्या गजदवानहून आलेले बाबा शाह मुसाफिर इथं राहिले, त्यांची दर्ग्यात कबर आहे. फकिरांना, वाटसरूंना, शिकणाऱ्या पोरांना रोज भाकरी लागायची. एवढं दळण हातानं कोण दळणार? सतराव्या शतकाच्या अखेरीस डोंगरातल्या झऱ्याचं पाणी सहा-आठ किलोमीटरांवरून खापरी नळांनी इथं आणलं. ते एका उंच भिंतीवर चढतं आणि पडद्यासारखं हौदात कोसळतं. चढतं म्हणजे कुणी चढवत नाही. नळीच्या दुसऱ्या टोकासारखं आपोआप.

जातं बघायला मात्र खाली वाकावं लागतं. आपल्याकडं पाणचक्की म्हटलं की चित्रातलं उभं लाकडी चाक डोळ्यांपुढं येतं. इथलं चाक आडवं आहे, लोखंडी पात्यांचं, जात्याच्या खाली. पाण्याचा झोत पात्यांवर बसतो, चाक फिरतं, त्याचा खांब वरच्या तळीला फिरवतो. दातेरी चक्र नाही, पट्टा नाही. घरातल्या जात्याला खुंट्याऐवजी खालून हात लावलाय म्हणा ना. माझी आई जात्यावर दळायची. तिला पहिल्यांदा इथं आणलं तेव्हा ती कितीतरी वेळ उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, "कुणीतरी बाईच्या खांद्याचा विचार केला होता म्हणायचा." फकिरांच्या खांद्याचा, आई, असं मी म्हटलं नाही.

हौदाच्या खाली ओवरी आहे. डोक्यावर पाणी, आपण खाली. मे महिन्यात मी लेकरं घेऊन तिथं बसलेली आहे. बाहेर फरशी पाय भाजते आणि आत दगड गार. हौदातलं पाणी वाहून पुढं खाम नदीत जातं. खामचं मी पाहुण्यांना फार काही सांगितलं नाही. पाहुणीनंच विचारलं, हा नाला का? नदी, म्हटलं. अलीकडं तिच्या काठाची सफाई चालू आहे, आमच्या लहानपणी तिच्यावरच्या पुलावरून नाक धरूनच जायचं. पूल ओलांडला की मकई दरवाजा, पलीकडं नागसेनवन. 1950 मध्ये बाबासाहेबांनी तिथं मिलिंद महाविद्यालय काढलं. मराठवाड्यातल्या गावकुसाबाहेरच्या किती पोरांचं आयुष्य त्या दरवाज्याशेजारून वळलं, त्याची मोजदाद वेगळ्या लेखाची आहे.

भडकल दरवाजा 1612 चा, अंबरनं मोगलांना हरवलं त्याची आठवण म्हणून. म्हणजे शहराच्या तटापेक्षाही सत्तर वर्षांनी जुना. त्याच्या भोवती रिक्षा अशा घेरून उभ्या की दरवाजा बघायचा तर आधी रिक्षावाल्याशी बोलावं लागतं. पुढं गुलमंडी. तिथं गरम इमरती खाऊ घातली. उडदाच्या डाळीची, तुपातली, चिकट बोटं घेऊनच बाजार फिरायचा. हिमरूचं दुकान दाखवलं. सुती ताण्यावर रेशमाची नक्षी. हातमागावरचं आता फार थोडं उरलंय आणि दुकानात सगळंच हातमागाचं असल्याचं सांगतात. त्यांनी एक शाल घेतली, मी किमतीवर घासाघीस केली, ते माझ्याकडं बघत राहिले. राजाबाजारात संस्थान गणपतीला हात जोडले, शहराचं ग्रामदैवत ते.

गुलमंडीवरच भाच्यानं विचारलं, "आत्या, मग या नहरी बंद कशा पडल्या?" एका दिवसात नाही पडल्या. 1763 मध्ये निजामानं राजधानी हैदराबादला नेली, दरबार गेला तसं गाव ओसरत गेलं. तरी नहरी चालत होत्या. आमच्या आजीच्या वेळी वाड्यावाड्यांत हौद भरायचे. मग लोखंडी नळ आले, घरं वाढली, डोंगराकडून येणाऱ्या वाटेवर वसाहती उभ्या राहिल्या. कुणी मनोऱ्यावर भिंत चढवली, कुणी नळाच्या वर शौचखड्डा खणला. नहर जमिनीखाली असते हेच विसरलं गेलं. दादा म्हणायचे, "दिसत नाही ते सांभाळायचं कुणी?" त्यांचा स्वतःचा धंदाच लोखंडी पाइपाचा होता, तेव्हा बोलताना ते जरा ओशाळायचे.

आता शहर पितं ते जायकवाडीचं. 1965 मध्ये लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली, 1976 मध्ये इंदिरा गांधींनी उद्‌घाटन केलं, तोच पैठणचा नाथसागर. शहर धरणापेक्षा शंभर मीटरहून जास्त उंचीवर. म्हणजे उतार उलटा. पाणी पन्नासेक किलोमीटर पंपानं ढकलत न्यायचं. वीज गेली की पाणी थांबतं, पाइप फुटला की थांबतं. माझ्या माहेरी गल्लीत नळाला पाणी यायचा वार ठरलेला असायचा, मग वारही राहिला नाही, आठ-आठ दिवस गेले. भावजय रात्री दोनला उठून पिंप भरते. आणि हे सगळं पाणी जातं कुठून? आमच्या चितेगावावरून, माझ्या दारापुढून. नाथषष्ठीला फाल्गुनात दिंड्या पैठणला जातात त्याच रस्त्याच्या कडेनं, फक्त उलट्या दिशेनं. अलीकडं नवा नळ टाकला, अडीच मीटर व्यासाचा, माणूस ताठ उभा मावेल असा. ते पाइप रस्त्याकडेला कितीतरी महिने पडून होते, गावातली पोरं त्यांत लपंडाव खेळायची.

संध्याकाळी ठरल्याप्रमाणं पैठण गेटातून बाहेर पडलो. घरी आल्यावर मी खिडकीतलं खापर काढून पाहुणीच्या हातात दिलं. तिनं आत बोट फिरवलं, पांढरं पुट नखानं खरवडून बघितलं, नवऱ्याकडं दिलं. बराच वेळ कुणी बोललं नाही. मी चहा ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं फिरायला म्हणून रस्त्यापर्यंत गेले आणि धावत परत आले. जुन्या पाइपाच्या एअर व्हॉल्व्हमधून पाणी माणसाच्या दुप्पट उंच उडत होतं. खाली दोन बाया हंडे लावून उभ्या, एक म्हैस, तीन पोरं ओलीचिंब. असं अधूनमधून होतं, दुरुस्तीवाले येतात, परत होतं. त्यांना वाटलं कारंजं आहे. भाचा समजावून सांगायला लागला, मी त्याला थांबवलं. त्यांनी भरपूर फोटो काढले. ग्रॅनडाला त्यांच्या घरात पाणचक्कीच्या फोटोशेजारी आता तोच फोटो लावलेला आहे, असं भाच्यानं परवा फोनवर सांगितलं.